दृष्टिपटल आणि त्याचे पहारेकरी

पावसाळा सरून आकाश निवळलें म्हणजे एखाद्या दिवशीं मोकळ्या मैदानांत उभें राहावें, सूर्याकडे पाठ करावी आणि निळ्या आकाशाकडे थोडा वेळ एकटक पाहावें. लवकरच दृष्टीसमोर बारीक, चकचकीत ठिपके नागमोडी वाटेनें धांवत असल्याचें दिसूं लागतें. ते नाडीच्या ठोक्याबरोबर किंचित् वेग घेतात व क्षणार्धांत नाहींसे होतात. पुष्कळांना हा भ्रम वाटतो. परंतु तो भ्रम नव्हे. आपल्या डोळ्यांतील पडद्यावरून केसाहूनहि बारीक अशा ज्या रक्तवाहिन्या जातात, त्यांतून चाललेल्या पांढऱ्या पेशींचें तें चित्र होय. रक्तांतील तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या पेशी तो आरपार जाऊं देतात. म्हणून त्या चमकतांना दिसतात. शरीराचें रक्षण करणारें सैन्य गस्तीवर निघालेलें कोणत्याहि यंत्रावांचून पाहतां यावें, अशीं स्थळें विरळाच.

आतां आश्चर्याची गोष्ट अशी कीं, हेंच सैन्य एका विशिष्ट प्रसंगीं ज्या पडद्याचें रक्षण करावयाचें त्याच्याच नाशास हातभार लावतें. डोळ्याचा रक्तप्रवाह अडला असतां दृष्टि जाते, हें सर्वांस सहज समजण्यासारखें आहे. परंतु प्रवाह पुन्हां सुरू झाल्यावरहि पडद्याचें नुकसान चालूंच राहतें, आणि त्यांतील कांहीं वांटा आपल्याच रक्षकांकडे जातो, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें आपण म्हणतों, तशांतलाच हा प्रकार दिसतो. तो कसा घडतो, त्यांत कुंपणाचा दोष कितपत, आणि त्यापासून आपण व्यवहारांत काय शिकावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पडद्याची ओळख करून घेऊं. डोळ्याची रचना छायाचित्रें काढण्याच्या कॅमेऱ्यासारखी असते. पुढें भिंग आणि मागें प्रकाश टिपून घेणारा पडदा. या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. तथापि तेवढ्यांत पेशींचे थरावर थर रचलेले असतात. सर्वांत मागच्या थरांत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. मधल्या थरांतील पेशी त्यांचा संदेश पुढें पोंचवितात. आणि सर्वांत आंतल्या थरांतील गँग्लियन पेशी तो संदेश मेंदूकडे धाडतात. एका डोळ्यांत या गँग्लियन पेशी सुमारें १० ते १२ लक्ष असतात. प्रत्येकीपासून एकेक लांब धागा निघतो, व हे सर्व धागे एकत्र येऊन नेत्रतंतूची जुडी बनते. दृष्टिपटल हा वस्तुतः मेंदूचाच पुढें आलेला भाग होय. हाताची जखम भरून येते, मोडलेलें हाड सांधतें. परंतु मनुष्याच्या डोळ्यांतील गँग्लियन पेशी एकदां मेली कीं तिच्या जागीं दुसरी उत्पन्न होत नाहीं. पुढील सर्व हकीकत समजण्यास ही एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेविली पाहिजे.

एवढें काम करणाऱ्या अवयवास प्राणवायूहि विपुल लागतो. मागच्या थरास पाठीमागील रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यांतून पुरवठा होतो. आंतल्या थरांचा पुरवठा मात्र बहुतांशीं एकाच बारीक धमनीवर अवलंबून असतो. ही मध्यधमनी नेत्रतंतूच्या मधून डोळ्यांत शिरते व फांटे फुटून पसरते. मळ्यास एकच पाट असावा आणि दुसरीकडून पाणी येण्यास वाट नसावी, तशी ही स्थिति. मानेंतील मोठ्या धमनीच्या भिंतीवर सांचलेल्या पुटाचा एखादा कण किंवा हृदयांत जमलेली रक्ताची गुठळी सुटून या पाटांत अडकली, म्हणजे आंतले थर एकदम उपाशी पडतात. वेदना बहुधा होत नाहींत. परंतु एका डोळ्याची दृष्टि पाहतां पाहतां मावळते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र इ. स. १८५१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यानंतर आठच वर्षांनीं, इ. स. १८५९ मध्यें, बर्लिन येथील विख्यात नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यानें हृदयविकार जडलेल्या एका रोग्याच्या डोळ्यांत ही अडलेली धमनी ओळखून तिचें वर्णन केलें. यंत्रांतून दिसणारें दृश्य विलक्षण असतें. उपाशी पडलेला पडदा सुजून दुधाळ पांढरा दिसतो. आणि मध्यभागीं, जेथें तो अत्यंत पातळ असतो, तेथें मागील रक्तवाहिन्यांचा रंग उमटून चेरीच्या फळासारखा एक तांबडा ठिपका उठून दिसतो. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींस मागून रक्त मिळत असल्यामुळें त्या पुष्कळ अंशीं वांचतात. मरतात त्या संदेश पोंचविणाऱ्या पेशी. तारऑफिस शाबूत असावें, पण तारा मात्र तुटून पडाव्या, त्यांतली ही गत होय.

उपाशी पडलेला पडदा किती वेळ तग धरूं शकतो? या प्रश्नाचा कसून विचार पंजाबांत जन्मलेले व पुढें अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत संशोधन केलेले नेत्रशास्त्रज्ञ सोहनसिंग हयरे यांनीं केला. वृद्ध व रक्तदाब वाढलेल्या माकडांची मध्यधमनी निरनिराळ्या मुदतीपर्यंत बंद ठेवून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेले प्रयोग इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झाले. ९७ मिनिटांपर्यंत प्रवाह बंद राहिला तरी त्यांस पडद्याची कायमची हानि आढळली नाहीं. त्यापुढें जों जों वेळ वाढे तों तों हानि वाढत जाई. आणि २४० मिनिटें, म्हणजे चार तास, लोटल्यावर ती फार मोठी व कायमची होई. या आंकड्यांचें महत्त्व पुढें व्यवहाराचा विचार करतांना दिसून येईल.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ही सर्व हानि केवळ उपासमारीची आहे काय? प्रयोगशाळेंत उंदराच्या डोळ्यांतील दाब सुमारें तासभर वाढवून पडद्याचा रक्तप्रवाह थांबवितात, आणि मग दाब उतरवून तो पूर्ववत् चालूं करतात. पाणी आलें, पीक वांचलें, असें येथें वाटावें. परंतु घडतें तें निराळेंच. प्रवाह सुरू झाल्यावरहि गँग्लियन पेशी कित्येक दिवसपर्यंत एकामागून एक मरत राहतात. अन्नावांचून ज्या मेल्या नाहींत, त्या अन्न मिळूं लागल्यावर कां मराव्या? शास्त्रज्ञांनीं याचीं मुख्यतः तीन कारणें दाखविलीं आहेत.

पहिलें कारण संदेशवाहक द्रव्याचें. पडद्यांतील पेशी एकमेकींशीं ग्लुटामेट नांवाच्या द्रव्याच्या द्वारें बोलतात. हें द्रव्य थेंबाथेंबानें सोडावयाचें व लगेच गोळा करून ठेवावयाचें असतें. उपासमारींत तें गोळा करण्याची शक्ति उरत नाहीं, आणि सांचलेलें ग्लुटामेट पेशींना इतकें चेतवितें कीं, त्या अतिश्रमानेंच मरतात. लूकस व न्यूहाउस या दोन संशोधकांनीं इ. स. १९५७ मध्यें उंदरांच्या शरीरांत ग्लुटामेट घातलें असतां त्यांच्या दृष्टिपटलाचे आंतले थर नष्ट होतात, असें दाखवून दिलें होतें.

दुसरें कारण खुद्द प्राणवायूच होय. उपाशी माणसानें एकदम पोटभर जेवण केलें तर तें बाधतें, हें आपणांस ठाऊक आहे. मरगळलेल्या पेशींत प्राणवायूचा लोंढा एकाएकीं शिरला म्हणजे त्याचा नीट उपयोग करून घेण्याची व्यवस्था तेथें नसते. त्यांतील कांहीं भाग अत्यंत दाहक अशा रूपांत बदलतो व पेशींच्या भिंती जाळूं लागतो. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंत मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं हें दाहक रूप निष्प्रभ करणारें एक प्रथिन शोधून काढलें. शरीरानें आपल्या पेशींत असा बंदोबस्त ठेविला आहे, यावरूनच शत्रूचें सामर्थ्य कळावें. उपासमार संपून हा लोंढा येणें म्हणजे पेशींच्या दृष्टीनें आगींतून निघून फुफाट्यांत पडणेंच होय.

तिसरें कारण आपल्या पहारेकऱ्यांचें. या पहारेकऱ्यांची ओळख जगास होण्याची हकीकतहि मनोरंजक आहे. रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉफ हा इ. स. १८८२ मध्यें सिसिली बेटांतील मेसिना गांवीं राहत असतां त्यानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगांत कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों त्या कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींनीं गराडा घातला होता. शरीरांत परक्यास घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धान्त त्यानें यावरून बांधला, आणि इ. स. १९०८ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें स्पेनमधील रिओ होर्तेगा यानें इ. स. १९१९ मध्यें मेंदूंत वसतीस असलेल्या अशाच पेशी रंगवून दाखविल्या व त्यांस मायक्रोग्लिया हें नांव दिलें. त्या दृष्टिपटलांतहि असतात. इतर पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर फिरत्या. या मात्र जन्मापूर्वींच येऊन कायमच्या राहिलेल्या. गांवच्या जागल्यासारखें यांचें काम. जिवंत उंदराच्या मेंदूंत या पेशी आपले बारीक हात सतत हालवून आसपासची चांचपणी करीत असतात, हें इ. स. २००५ मध्यें प्रत्यक्ष पाहण्यांत आलें.

एरव्हीं डोळ्यामध्यें या जागल्यांचेंच राज्य असतें. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्यें घट्ट सांध्यांच्या पेशींचा एक तट आहे; रक्तांतील फिरत्या सैन्यास तो सहसा आंत येऊं देत नाहीं. इंग्रज शास्त्रज्ञ पीटर मेडावर यानें इ. स. १९४८ मध्यें सशांवर केलेल्या प्रयोगांवरून, शरीराच्या इतर भागांत जें परकें कातडें फेंकून दिलें जातें तें डोळ्यांत मात्र टिकूं शकतें, असें दिसून आलें. यांत सृष्टीचें धोरण उघड आहे. जेथें गेलेली पेशी पुन्हां येत नाहीं, तेथें लढाई माजवून भागत नाहीं.

परंतु रक्तप्रवाह अडला कीं ही व्यवस्था कोलमडते. मरणाऱ्या पेशी फुटून त्यांच्या पोटांतील द्रव्यें बाहेर सांडतात. जीं द्रव्यें पेशींच्या आंतच असावयाचीं तीं बाहेर दिसलीं, म्हणजे जागल्या तो धोक्याचा इशारा समजतो. मायक्रोग्लिया आपले लांब हात आंखडून घेतात, फुगीर होतात, आणि इंटरल्यूकिन यांसारखीं दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सोडून मदतीची हांक देतात. ही हांक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस पोंचते. त्यांचा आंतला गुळगुळीत पृष्ठभाग चिकट होतो. जवळून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथें अडखळतात, चिकटतात व तट ओलांडून आंत शिरतात. तट मोडल्यानें रक्तांतील पाणीहि झिरपूं लागतें व पडदा सुजतो. आकाशाकडे पाहतांना जे चमकते ठिपके दिसतात, ते याच पांढऱ्या पेशींचे, हें वर सांगितलेंच आहे. त्या तांबड्या पेशींहून मोठ्या व ताठर असतात, आणि बारीक रक्तवाहिनींतून त्यांस अंग चोरूनच जावें लागतें. अशा अरुंद वाटेंत त्या एकदां चिकटून बसल्या, म्हणजे मोठी धमनी मोकळी झाली तरी बारीक वाटा तुंबलेल्याच राहतात. पाटास पाणी आलें, पण वाफ्यांचीं तोंडें गाळानें भरलेलीं, असा प्रकार होतो.

याशिवाय रक्तरसांत प्रथिनांचा एक समुदाय असतो. त्यास कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतूंवर खूण करून त्यांस गिळण्यासाठीं दाखवून देणें हें त्याचें नेहमींचें काम. ही खूण आतां जखमी झालेल्या, परंतु अद्याप जीव धरून असलेल्या पेशींवरहि उमटते. आणि ज्या पेशीवर खूण झाली, तिची सुटका कठीण.

मग हे रक्षक दुष्ट समजावे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. उन्हाळ्यांत गांवांतील एखाद्या गवती छपरास आग लागली म्हणजे लोक धांवून येतात, आणि आग पसरूं नये म्हणून शेजारच्या दोन घरांचीं छपरेंहि ओढून काढतात. त्यांचा हेतु वाईट नसतो. बहुतेक वेळां त्यांचें करणें योग्यच ठरतें. शरीराचें रक्षकदळहि मुख्यतः जंतूंशीं झुंजण्यास सिद्ध झालेलें आहे. बोटास कांटा रुतला तर सूज येते, पू होतो, आसपासच्या कांहीं निरोगी पेशी मरतात, आणि जखम भरून येते. शत्रूचा नायनाट होत असेल तर हें मोल जास्त नव्हे. दृष्टिपटलांत मात्र जंतु नाहींत. केवळ जखमी स्वकीय आहेत. तेथें तोच उपाय, तितक्याच जोरानें केला, तर जें मोल द्यावें लागतें तें भरून निघत नाहीं.

तेव्हां या रक्षकांस दाबून टाकावें, हा विचार साहजिकच सुचतो. परंतु येथें प्रयोगांनीं सावधगिरी शिकविली आहे. कॉम्प्लिमेंटच्या साखळींतील एक प्रथिन जन्मतःच नसलेल्या उंदरांचा अभ्यास इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. रक्तप्रवाह अडवून सोडल्यावर त्यांच्या गँग्लियन पेशी मेल्या खऱ्या, पण इतर उंदरांच्या मानानें उशिरा मेल्या. म्हणजे मृत्यु लांबला, टळला नाहीं. दुसरें उदाहरण मेंदूचें. मेंदूचा रक्तप्रवाह अडलेल्या ६२५ रोग्यांवर एका औषधाची परीक्षा करण्यांत आली व तिचा निकाल इ. स. २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. पांढऱ्या पेशींस रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटूं न देणें, हा त्या औषधाचा गुण. तर्क निर्दोष दिसत होता. परंतु औषध दिलेल्या रोग्यांची स्थिति न दिलेल्यांपेक्षां अधिक वाईट झाली. कारण याच पेशी मेलेल्यांचा कचरा साफ करतात, जंतूंस दूर ठेवतात आणि जखम सांधण्यास मदत करतात. पहारेकरी हांकून दिल्यानें घर सुरक्षित होत नाहीं.

तथापि दाह शमविण्याचा मार्ग सर्वस्वी निष्फळ आहे असेंहि नाहीं. धमनीऐवजीं रक्त परत नेणारी शीर तुंबली, तर पडद्याच्या मध्यभागीं सूज येऊन दृष्टि अंधुक होते. या सुजेवर डोळ्यांत हळूहळू विरघळणारी स्टेरॉइडची बारीक कांडी बसविण्याच्या उपायास अमेरिकेंत इ. स. २००९ मध्यें मान्यता मिळाली. व झिरपणें वाढविणाऱ्या एका प्रथिनास आवरणारें इंजेक्शन त्याच्या पुढच्याच वर्षीं मान्य झालें. या उपायांनीं अनेक रोग्यांची दृष्टि सुधारली आहे. आणखी एका विकारांत तर अडथळाच मुळीं रक्षकांनीं केलेला असतो. पन्नाशी उलटलेल्या माणसांत क्वचित् हें सैन्य डोक्याच्या धमन्यांच्या भिंतींवरच चालून जातें. कानशिलें दुखतात, केंस विंचरतांना टाळू हुळहुळते, चावतांना जबडा दुखतो, आणि मग एकाएकीं दृष्टि जाते. येथें मात्र स्टेरॉइड तत्काळ देणें हाच उपाय. कारण विलंब केल्यास दुसराहि डोळा जाण्याची भीति असते.

मध्यधमनी पूर्णपणें अडली असतां दृष्टि खात्रीनें परत आणील, असा उपाय मात्र अद्याप सिद्ध झालेला नाहीं. म्हणूनच पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्ट मनांत ठसवून घ्यावी. घरांतील कोणाचीहि एका डोळ्याची दृष्टि दुखल्याखुपल्यावांचून एकाएकीं गेली, किंवा पडदा ओढल्यासारखी होऊन कांहीं मिनिटांनीं परत आली, तरी ती गोष्ट किरकोळ समजूं नये. डोळे धुणें, घरांतील थेंब घालणें, सकाळीं पाहूं म्हणून निजणें, यांत अमूल्य वेळ जातो. माकडांवरील प्रयोगांत कायमच्या हानीस किती थोडा वेळ पुरला, हें आपण पाहिलेंच. हा डोळ्याचा किरकोळ विकार नसून मेंदूच्या झटक्याचाच सख्खा भाऊ आहे. ज्या कणानें आज डोळ्याची वाट अडविली, तशाच दुसऱ्या कणानें उद्यां मेंदूची वाट अडूं शकते. म्हणून, दृष्टि परत आलेली असली तरीहि, रोग्यास ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत न्यावें, आणि दृष्टि कोणत्या वेळीं गेली तें घड्याळांत पाहून वैद्यास नेमकें सांगावें.

त्याहूनहि बरें म्हणजे अशी वेळ येऊं न देणें. रक्तदाब व मधुमेह वेळच्या वेळीं तपासून ताब्यांत ठेवावे. तंबाखू व विडी सोडावी. आणि नाडी अनियमित चालत असल्यास वैद्यास दाखवावी. मुलांस या वयांत हे विकार सहसा नसतात; परंतु घरांतील आजीआजोबांस डोळ्यांपुढें अंधारी आली असतां, उशीर करूं नका, असें सांगणारें कोणी तरी जवळ असलें पाहिजे; आणि तें काम शाळेंत शिकणारा मुलगा किंवा मुलगी उत्तम करूं शकते.

शरीराचे रक्षक शहाणे आहेत, पण सर्वज्ञ नाहींत. त्यांस केव्हां चेतवावें, केव्हां आवरावें व किती आवरावें, हें शोधून काढण्यांत आज अनेक प्रयोगशाळा गुंतलेल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें या कामांत पडला, तर त्यास करण्यासारखें पुष्कळ शिल्लक आहे. तोंपर्यंत आपल्या हातीं असलेलें एकच साधन म्हणजे वेळ. आणि तो दवडूं नये, हेंच इतकें सारें जाणून घेण्याचें फळ.